‘मॅडव्हिलनी’चे कानसेन

‘मॅडव्हिलनी’ हा अल्बम २३ मार्च २००४ रोजी अमेरिकेतल्या दुकानांत आला, तेव्हा त्यातली बरीचशी गाणी काही श्रोत्यांना आधीच तोंडपाठ होती. हे श्रोते म्हणजे त्याचे सर्वांत निष्ठावान चाहते, आणि नव्याकोऱ्या सीडीबद्दलची पहिली तक्रारही त्यांचीच होती: आवाज बदलला आहे. गेले चौदा महिने ते एमएफ डूम या ज्या रॅपरला ऐकत होते तो तरतरीत होता, चढ्या आवाजात, आवेशाने बोलत होता. सीडीवरचा डूम संथ होता, खालच्या पट्टीत उतरलेला, शब्द जिभेवर घोळवत बोलणारा. काहींना तो कंटाळलेला वाटला. काहींनी जुनी, चोरीची प्रतच खरी मानली.

पुढच्या पानांत या अल्बमला समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी दिलेल्या प्रतिसादांचा माग काढला आहे. एका अल्बमबद्दल लोक काय काय म्हणाले, यासाठी मराठीत एवढी पानं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर वरच्या तक्रारीतच आहे. एरवी कलाकृती आधी पुरी होते आणि मग लोक तिच्याबद्दल बोलू लागतात. इथे ऐकणारे आधी आले, अल्बम मागाहून पुरा झाला, आणि ऐकणाऱ्यांच्या घाईचा ठसा त्याच्या घडणीवर उमटला. बाजारापासून दूर, स्वतःच्या हिमतीवर चाललेल्या प्रयोगशील हिप-हॉपचं भवितव्य नेहमीच मूठभर कानसेनांच्या हाती असतं. ‘मॅडव्हिलनी’च्या बाबतीत ते हात कामाला लागलेले दिसतात, म्हणून हा अल्बम.

मराठी वाचकाला रॅप आता परका राहिलेला नाही. २०१९ च्या ‘गली बॉय’नंतर मुंबईच्या गल्ल्यांतला रॅप ज्यांनी कधी ऐकला नव्हता त्यांच्याही कानावर आला. त्या रॅपची एक वाट ठरलेली आहे: मी कोण, कुठून आलो, काय सोसलं. डूम त्या वाटेने जात नाही. तो स्वतःबद्दल तृतीयपुरुषी बोलतो, खलनायकाचं सोंग घेतो, आणि तोंडावर धातूचा मुखवटा चढवतो. हे सोंग कुठून आलं ते ठाऊक नसेल, तर त्याच्यावर झालेल्या लिखाणातला अर्धा भाग डोक्यावरून जाईल.

डूमचा, म्हणजे डॅनियल डूमिले याचा, जन्म १९७१ मध्ये लंडनला झाला. तो वाढला न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंडवर. धाकटा भाऊ डीजे सबरॉक याच्याबरोबर त्याने केएमडी हा गट काढला. तेव्हा तो झेव्ह लव्ह एक्स या नावाने रॅप करायचा, आणि तो रॅप खेळकर, हसरा होता. १९९१ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. १९९३ मध्ये दुसऱ्याचं काम सुरू असताना सबरॉक मोटारीखाली सापडून गेला. थोरल्याने अल्बम पुरा केला. मुखपृष्ठासाठी त्याने काळ्यांची टर उडवणाऱ्या जुन्या ‘साम्बो’ व्यंगचित्राला फासावर लटकवलेलं दाखवलं होतं. त्या चित्रावरून वाद पेटला आणि १९९४ मध्ये कंपनीने अल्बम अडवून गटाला मोकळं केलं. भाऊ गेला, काम गेलं, आणि पुढची काही वर्षं डूमिले दिसेनासा झाला.

तो परतला तो न्यूयॉर्कच्या न्यूयोरिकन पोएट्स कॅफेसारख्या ठिकाणी, चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून, कोणीही व्यासपीठावर चढावं अशा रात्रींना. मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमवरून त्याने नाव घेतलं, मुखवटा घेतला. १९९९ मध्ये बॉबिटो गार्सिया यांच्या फाँडल एम या चिमुकल्या कंपनीने ‘ऑपरेशन: डूम्सडे’ काढला. धंद्याने चेहरा पुसला, तेव्हा चेहरा दाखवायचाच नाही असं ठरवलेला हा माणूस आहे, असं मी त्याच्याकडे पाहतो. २००४ च्या समीक्षांत या दुःखाचा उल्लेख येतो तो बहुधा ओळख करून देणाऱ्या एखाद्या वाक्यात. त्याचं वजन पुढे कसं वाढत गेलं, ते नंतर येईलच.

या अल्बमचं संगीत करणाऱ्या मॅडलिबची कथा कमी घटनांची आहे. ओटिस जॅक्सन ज्युनियर, जन्म १९७३, कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनर्डचा. वडील गायक-संगीतकार, मामा जॉन फॅडिस हे जॅझमधले नावाजलेले ट्रम्पेटवादक. घरात तबकड्यांचे ढीग. त्याने २००० मध्ये ‘क्वासिमोटो’ या नावाने एक अल्बम केला, त्यात स्वतःचाच आवाज चढवून, बारीक करून एक वात्रट पात्र उभं केलं. २००३ मध्ये ब्लू नोट या जॅझमधल्या मातब्बर कंपनीने आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा खजिना त्याच्यापुढे उघडला आणि त्यातून ‘शेड्स ऑफ ब्लू’ झाला. मुलाखतींत तो मोजकंच बोलतो. ज्यांच्याबरोबर काम करायचं आहे अशी दोन नावं मात्र त्याने जाहीरपणे घेतली होती: संगीतकार जे डिला आणि डूम.

दोघांची गाठ घालून दिली ती स्टोन्स थ्रो कंपनीने. पीनट बटर वुल्फ हा तिचा संस्थापक आणि एगॉन हा कारभारी. कंपनीचं बिऱ्हाड लॉस एंजेलिसच्या माउंट वॉशिंग्टन भागातल्या एका घरात होतं आणि घराच्या पोटात बॉम्बहल्ल्यापासून आसरा घेण्यासाठी बांधलेलं तळघर होतं. मॅडलिबचं काम तिथे चाले. डूम जॉर्जिया राज्यातून विमानाने आला. करार कागदी ताटलीवर लिहिला गेला, असं त्या घरातले लोक सांगतात. दोघांत बोलणं फारसं होत नसे. एकाने बीट्स भरलेली सीडी द्यायची, दुसऱ्याने ती घेऊन लिहीत बसायचं, एवढाच व्यवहार.

२००२ च्या अखेरीस मॅडलिब ब्राझीलला गेला. साओ पाउलोच्या हॉटेलातल्या खोलीत त्याच्याजवळ बॉसचा एसपी-३०३ हा छोटा सॅम्पलर, उचलून नेता येईल असा टर्नटेबल आणि कॅसेट डेक एवढंच होतं. दिवसा दुकानांतून जुन्या ब्राझिली तबकड्या हुडकायच्या आणि खोलीत येऊन त्यांचे तुकडे जोडायचे. ‘रेड’ आणि ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ यांसारख्या गाण्यांचं संगीत तिथलं. त्याच प्रवासात अर्धवट झालेल्या अल्बमची प्रत चोरीला गेली आणि काही दिवसांत इंटरनेटवर फिरू लागली.

आज गाणं फुटण्याची बातमी दुसऱ्या दिवशी विरून जाते. २००३ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी तो घाला होता. दोघा कलाकारांचं मन उडालं आणि ते आपापल्या दुसऱ्या कामांकडे वळले. डूमने त्या वर्षी किंग गिडोरा आणि व्हिक्टर व्हॉन या दोन वेगळ्या सोंगांत दोन अल्बम काढले, मॅडलिबने जे डिलाबरोबर ‘चॅम्पियन साउंड’ केला. मधल्या काळात फुटलेली प्रत हातोहात पसरत होती. जे ऐकत होते ते वेडावले होते आणि पुढचं कधी येणार म्हणून विचारत होते. ज्या कंपनीला या कामातून दमडी मिळाली नव्हती, तिला आपल्याकडे काय आहे हे चोरीच्या मालावरच्या गिऱ्हाइकांनी दाखवून दिलं.

काम पुन्हा हाती घेतलं तेव्हा डूमने आपला भाग नव्याने म्हटला. काही शब्द बदलले, पण खरा बदल आवाजाचा. त्याने वेग खाली आणला, आवेश काढून टाकला. ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ या शेवटच्या गाण्यात तर माल पुरता घासून होण्याआधीच बाहेर फुटला, हे तो बोलूनही दाखवतो. अल्बमच्या आत अल्बमच्या चोरीची नोंद आहे. म्हणजे ज्यांनी चोरून ऐकलं त्यांना उद्देशून बोललेलं वाक्य, त्यांनीच पुन्हा विकत घेऊन ऐकलं.

आवाज उतरवण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर भांडण आजही होतं आणि ते व्हावं असं मला वाटतं. माझा कौल नव्या आवाजाला आहे. मॅडलिबचे तुकडे मुळात दाटीचे आहेत. तबकडीची खरखर, दबलेला ढोल, मध्येच एखाद्या जुन्या चित्रपटातलं वाक्य. त्यावर चढा आवाज आला की दोघं एकमेकांना ढकलतात. उतरलेला आवाज त्या खरखरीत मुरतो आणि ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. पण जुन्या प्रतीच्या चाहत्यांना मी चुकीचं ठरवणार नाही. त्यांनी एक वेगळा अल्बम चौदा महिने मनापासून ऐकला होता, आणि त्यांना जे हरवल्यासारखं वाटलं ते खरोखरच हरवलं होतं.

समीक्षकांकडे वळताना एक आकडा समोर असावा. ज्या दिवशी ‘मॅडव्हिलनी’ आला त्याच दिवशी गायक अशरचा ‘कन्फेशन्स’ही आला आणि पहिल्या आठवड्यातच दहा लाखांहून अधिक प्रती खपवून गेला. ‘मॅडव्हिलनी’ बिलबोर्डच्या दोनशेंच्या यादीत १७९ व्या स्थानापर्यंत पोचला. मोठ्या बाजाराने त्याची दखल घेतली नाही, पण समीक्षकांनी मात्र एकमुखाने घेतली. निरनिराळ्या समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी शंभरात ९३ भरली. पिचफोर्कने दहापैकी ९.४ गुण दिले. ती समीक्षा लिहिणारा रॉली पेम्बर्टन हा कॅनडातल्या एडमंटनचा, विशीही न गाठलेला मुलगा होता आणि पुढे केडन्स वेपन या नावाने तो स्वतः रॅपर म्हणून पुढे आला. ‘न्यूयॉर्कर’मध्ये साशा फ्रेअर-जोन्स यांनी डूमवर लिहिलं. ज्या साप्ताहिकात कथा-कवितेला मान होता, तिथे मुखवट्यातल्या रॅपरला जागा मिळाली, हे त्या काळी लहान नव्हतं.

या समीक्षा आज सलग वाचल्या की एक गोष्ट जाणवते. जवळपास प्रत्येकाला आधी आकार दिसला. बावीस तुकडे, सगळे मिळून ४६ मिनिटं, ध्रुवपद जवळजवळ नाहीच, बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत. कोणी याला धाडस म्हटलं, कोणी विस्कळीतपणा. गाणं रंगात येतं तोच संपतं, ही तक्रार आणि एकही क्षण वाया घालवलेला नाही, ही वाहवा, दोन्हींमागचं निरीक्षण एकच आहे. ध्रुवपद हा श्रोत्याला दिलेला विसावा असतो. तो काढून घेतला की कोणाला मोकळं वाटतं आणि कोणाला हातातला कठडा गेल्यासारखं. २००४ च्या समीक्षकांचं मला मोल वाटतं ते इथे: नावडणाऱ्यांनीही नेमकं काय खटकतं हे जागेवर बोट ठेवून सांगितलं.

जिथे ते कमी पडले ती जागा शब्दांची. डूमच्या यमकांचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण बहुतेकांनी ते चमत्काराचं कौतुक केलं. यंत्र कसं चालतं हे फार थोड्यांनी उलगडलं. ‘अ‍ॅकॉर्डियन’ हे गाणं घ्या. लांबी दोन मिनिटांहून कमी. डेडलस या लॉस एंजेलिसच्या संगीतकाराच्या रचनेतला एक छोटा सुरांचा तुकडा पेटीच्या भात्यासारखा आत-बाहेर श्वास घेत फिरत राहतो. खाली ढोल अगदी साधा. सुराला चढ नाही, उतार नाही, कळस नाही. मग गाणं पुढे सरकतं कशावर? यमकावर. आपल्याकडे यमक चरणाच्या टोकाला येतं आणि कानाला तिथे थांबायची सवय असते. डूम तीन-चार अक्षरांचा अख्खा जुडगा उचलतो, तो ओळीच्या पोटात एकदा, टोकाला एकदा, आणि पुढच्या ओळीच्या भलत्याच जागी पुन्हा ठेवतो. आवाज जुळवायला त्याला एखादा आडवळणाचा शब्द लागतो, त्या शब्दामागे अर्थाला वळावं लागतं, आणि वाक्य जिथे निघालं होतं तिथे न जाता तिसरीकडेच उतरतं. पहिल्यांदा ऐकताना नुसता नाद कळतो. अर्थ कळायला लागतो तोवर तो दोन ओळी पुढे गेलेला असतो. पुन्हा ऐकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि गाणं इतकं लहान आहे की पुन्हा ऐकायला कोणी कुरकुर करत नाही.

दुसरं उदाहरण ‘फॅन्सी क्लाउन’चं. हे गाणं व्हिक्टर व्हॉनच्या तोंडी आहे. त्याची प्रेयसी त्याला फसवून दुसऱ्याकडे जाते आहे आणि तो तिला फोनवर फैलावर घेतो आहे. तो दुसरा म्हणजे मुखवटेवाला डूम. दोन्ही सोंगं एकाच माणसाची. स्वतःच स्वतःचा हेवा करावा, स्वतःलाच शिव्या घालाव्यात, आणि ऐकणाऱ्याने दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी हे त्याच्यावर सोपवावं! मॅडलिबने खाली झेड. झेड. हिल या गायकाचं जुनं, दुखावलेलं सोल गाणं लावलं आहे आणि त्याचा विलाप व्हिक्टरच्या रागामागे सतत ऐकू येतो. ज्याला डूमच्या आधीच्या अल्बमांतली पात्रं माहीत नाहीत, त्याला ही एक साधी भांडणाची गोष्ट वाटते. ज्याला माहीत आहेत त्याला दोन मिनिटांचं नाटक मिळतं. श्रोत्यांमधली फळी इथून पडते आणि दोन्ही बाजूंचे प्रतिसाद म्हणून इतके निराळे आहेत.

संगीताच्या बाजूनेही कानसेनांनी समीक्षकांवर मात केली. ‘रेड’च्या सुरुवातीला बिल एव्हन्सच्या पियानोवरचं ‘नार्डिस’ येतं आणि क्षणात त्याच्या खालून ब्राझिली संगीत उसळतं. ‘कर्ल्स’ उभं आहे ते वाल्दीर काल्मों या ब्राझिली वादकाच्या एका हलक्याफुलक्या तबकडीवर. ‘मीट ग्राइंडर’मध्ये फ्रँक झॅपाच्या मंडळींचा तुकडा आहे. ही मुळं शोधून काढणारे लोक पगारी नव्हते. त्यांनी जुन्या तबकड्या विकत घेतल्या, ऐकल्या, ताडून पाहिल्या, एकमेकांना कळवल्या. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यातल्या निकालानंतर परवानगीशिवाय उचललेला तुकडा अमेरिकेत महागात पडू लागला होता. लहान कंपन्यांचे संगीतकार म्हणूनही आडवाटेच्या तबकड्यांकडे वळले. त्यांनी जे लपवलं ते श्रोत्यांनी उकरून काढलं, आणि उकरता उकरता बिल एव्हन्सपासून ब्राझीलपर्यंत पोचलेली एक पिढी तयार झाली. माझ्या दृष्टीने या अल्बमला मिळालेला हा सर्वांत सकस प्रतिसाद.

इथे आपला एक धागा जुळतो. २००७ मध्ये मॅडलिबने ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ हा संग्रह काढला. त्याचं बहुतेक द्रव्य हिंदी चित्रपटसंगीतातलं. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत सत्तरच्या दशकात वाजलेले बाँगो, गिटार, व्हायोलिनचे ताफे त्याने तोडून-जोडून घेतले. आपण ती गाणी गायक-गायिकांच्या नावाने ओळखतो. मॅडलिबने गळे बाजूला ठेवून मधल्या संगीताच्या जागा उचलल्या, ज्यांना आपण गाणं पुढे सरकण्याची वाट बघत ऐकत होतो. त्या जागा वाजवणाऱ्यांत गोव्याहून मुंबईला आलेले कितीतरी वादक होते. श्रेयनामावलीत त्यांची नावं येत नसत. एका परदेशी माणसाने त्यांच्या वादनाला मध्यभागी आणलं, याचा मला आनंद आहे. त्याच्याही तबकडीवर त्यांची नावं आली नाहीत, याची खंतही आहे. सॅम्पलवर उभ्या असलेल्या संगीताबद्दल कोणी उत्साहाने लिहितं तेव्हा हा हिशेब मागे पडतो. मुंबईत बसून वाचणाऱ्याने तो पडू देऊ नये.

‘मॅडव्हिलनी’चा खप हळूहळू वाढला. वर्षं गेली तशा दीड लाखाच्या आसपास प्रती गेल्या आणि स्टोन्स थ्रोच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत तो जाऊन बसला. नवे श्रोते निरनिराळ्या दारांनी आले. २००५ मध्ये डूमने डेंजर माउसबरोबर अ‍ॅडल्ट स्विम या वाहिनीच्या कार्टून पात्रांना घेऊन एक अल्बम केला आणि रात्री उशिरा कार्टून बघणारी पोरं तिथून मागे ‘मॅडव्हिलनी’पर्यंत आली. मॉस डेफ, म्हणजे आताचे यासीन बे, स्टुडिओत डूमच्या ओळी लहान मुलाच्या आनंदाने म्हणून दाखवतानाची चित्रफीत खूप फिरली. आपल्याच धंद्यातल्या माणसाने असं निखळ कौतुक केलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. रॅपर अर्ल स्वेटशर्टने सांगितलं की नव्वदच्या दशकातल्या मुलांसाठी वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम जे होता, ते आपल्या पिढीसाठी ‘मॅडव्हिलनी’. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने आपली पाचशे सर्वोत्तम अल्बमांची यादी नव्याने केली, तेव्हा तो ३६५ व्या क्रमांकावर आला. यादीतल्या क्रमांकापेक्षा अर्लचं वाक्य मला मोलाचं वाटतं, कारण त्याच्या स्वतःच्या लहान, ध्रुवपद नसलेल्या, पुटपुटत्या गाण्यांत त्या वाक्याचा पुरावा मिळतो.

श्रोत्यांची निष्ठा डूमने कसोटीलाही लावली. २००७ च्या सुमारास त्याच्या कार्यक्रमांत मुखवट्याआड भलताच माणूस उभा राहून नुसते ओठ हलवतो आहे, असं प्रेक्षकांच्या ध्यानात आलं. तिकिटाचे पैसे मोजून आलेल्यांनी हुर्यो उडवली. टा-नेहिसी कोट्स यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’साठी त्याच्यावर लिहिलं, तेव्हा डूमने आपण लेखक-दिग्दर्शक आहोत आणि पात्र कोण उभं करील हे आपण ठरवू, अशा अर्थाचा खुलासा केला. कलाविचार म्हणून यात तथ्य आहे. चेहऱ्याला किंमत नाही, शब्दाला आहे, हे तो पहिल्यापासून सांगत आला होता. पण दूरवरून प्रवास करून आलेल्या पोराला तो विचार पुरत नाही, आणि त्या पोराचा राग मला रास्त वाटतो. चाहत्यांनी लिहिलेल्या गौरवांत हे प्रकरण गमतीने सांगितलं जातं. ते गमतीचं नव्हतं.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी डूमिले इंग्लंडमध्ये वारला. बातमी पत्नीने जाहीर केली ती वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दोन महिन्यांनी. त्यानंतर जे लिहिलं गेलं त्याचा सूर २००४ पेक्षा पार वेगळा आहे. आपलं नाव रोमन लिपीत सगळं मोठ्या अक्षरांत लिहावं, असा त्याचा आग्रह होता आणि अल्बममधलं एक गाणं त्या आग्रहाभोवती फिरतं. त्या दिवशी हजारो लोकांनी ते नाव तसं लिहिलं. पण त्याहून महत्त्वाचं असं की, लोक मुखवट्याकडे नव्याने पाहू लागले. ज्याला पूर्वी कॉमिक्सचा खेळ म्हटलं होतं, त्यात सबरॉक दिसू लागला. ‘स्ट्रेंज वेज’मध्ये पोलीस आणि युद्ध यांबद्दल तो काय बोलतो, हे पूर्वी खरखरीत हरवलेलं बोलणं पुढे आलं. जुलै २०२१ मध्ये लाँग आयलंडवरच्या लाँग बीच गावात एका रस्त्याला केएमडी आणि एमएफ डूम यांचं नाव दिलं गेलं. दोन्ही नावं एकत्र, म्हणजे भावासकट. ब्लूम्सबरीच्या ‘थर्टी-थ्री अँड अ थर्ड’ या अल्बमांवरच्या ग्रंथमालेत विल हेगल यांचं या अल्बमवरचं पुस्तक २०२३ मध्ये आलं.

मृत्यूनंतरचं लिखाण वाचताना सावध राहावं लागतं. दुःखाने माणूस जास्त नीट ऐकतो, तसंच नसलेलंही ऐकतो. प्रत्येक विनोदाखाली शोक शोधण्याची सवय या अल्बमवर अन्याय करते. डूम विनोदी होता. फार विनोदी होता. ‘अमेरिकाज मोस्ट ब्लंटेड’ हे गांजावरचं गाणं गांजावरचंच आहे.

आणि काही विनोद वाईट आहेत. ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ हे गाणं बाईच्या तोंडाला येणाऱ्या वासाची थट्टा करतं. ‘फॅन्सी क्लाउन’ची बांधणी मी वर वाखाणली, पण त्या नाटकात तिला बोलायला जागा नाही. अख्ख्या अल्बमात बाईचा आवाज ठळकपणे येतो तो ‘आय’ या एका लहान गाण्यात, स्टेसी एप्सचा. गौरव करणाऱ्या लिखाणात याबद्दल सहसा मौन असतं. ते लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत, हे एक कारण. दुसरं असं की, आपल्या आवडत्या, आडवाटेच्या गोष्टीला मोठ्या बाजारातल्या दोषांपासून मुक्त समजण्याचा मोह होतो. बाजाराबाहेर राहिल्याने कोणी आपोआप शहाणा होत नाही. पुढच्या पानांत कौतुकाचा पूर आहे, आणि त्यात ज्या थोड्या श्रोत्यांनी आवडत्या गाण्याचाही जाब विचारला आहे, त्यांच्याजवळ वाचकाने थांबावं अशी माझी विनंती आहे.

दुसऱ्या अल्बमची वाट लोक सोळा वर्षं बघत राहिले. २००८ मध्ये मॅडलिबने पहिल्याच अल्बमला नवं संगीत देऊन तो पुन्हा काढला, २०१० मध्ये ‘पेपरमिल’ हे सुटं गाणं आलं, पण दोघांचा पुढचा पूर्ण अल्बम डूमच्या हयातीत आला नाही. या वाट पाहण्यातून जे बोललं गेलं, तर्क केले गेले, भांडणं झाली, त्यातलं बरंचसं लिखाण प्रत्यक्ष अल्बमवरच्या लिखाणापेक्षा अधिक जिव्हाळ्याचं आहे, म्हणून त्याला इथे जास्त जागा मिळाली आहे.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांनी वाचण्याआधी ‘अ‍ॅकॉर्डियन’, ‘रेड’ आणि ‘फॅन्सी क्लाउन’ ऐकावीत. तिन्ही मिळून साडेसहा मिनिटंही होत नाहीत. इंग्रजी शब्द निसटले तर निसटू द्यावेत. अमेरिकेतल्या श्रोत्यांचेही ते निसटले होते आणि पुढच्या बऱ्याच प्रतिसादांची सुरुवात तिथूनच झाली आहे.